सुई घरात बसवा, मग चाला: नवख्यांसाठी होकायंत्र

आमच्याकडे रस्ता विचारला की डावं-उजवं कोणी सांगत नाही. "असंच मावळतीला जा, लिंबापाशी ओढा लागंल, तिथून खालच्या अंगाला वळा," असं सांगतात. शेताच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेल्या असतात: पूर्वेस अमका गट, पश्चिमेस शिवरस्ता. बांधाचं भांडण निघालं तरी ते दिशांच्याच भाषेत होतं. अशा माणसांना होकायंत्र कशाला, असं कोणी विचारलं तर त्याचं अगदीच चूक नाही. आपल्या शिवारात ते लागत नाहीच. परक्या शिवारात, ढग खाली उतरल्यावर लागतं.

सात-आठ वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आम्ही तिघं कन्नडच्या घाटमाथ्यावर गेलो होतो. गाडी डांबरीला लावली आणि एका ओढ्याच्या नादानं गवतातून आत शिरलो. तासाभरात धुकं आलं. कमरेइतकं गवत आणि चारी बाजूंना सारखंच पांढरं. मी मोठ्या ऐटीत पिशवीच्या तळातून होकायंत्र काढलं. त्यानं उत्तर दाखवली, अगदी बरोबर दाखवली. आणि आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसलो, कारण रस्ता आपल्या उत्तरेला आहे की दक्षिणेला, पूर्वेला की पश्चिमेला, हे तिघांपैकी एकालाही सांगता येईना. अर्ध्या तासानं म्हशी घेऊन एक काका आले. डोक्यावर पोत्याची खोळ.

"काका, डांबरी रस्ता कोणीकडं?"

"सोडला कोण्या अंगाला तुमी?"

आम्ही गप्प.

"सोडताना बघून घ्यावं ना बापू," असं म्हणून त्यांनी काठी उगवतीकडं केली.

त्या माथ्याच्या उत्तरेला खानदेशात उतरणारे कडे आहेत. धुक्यात तिकडं चालत सुटलो असतो तर काय झालं असतं, हा विचार गाडीत बसल्यावर आला. होकायंत्र बिघडलेलं नव्हतं. मी ते दोन तास उशिरा काढलं होतं. पुढं जे लिहिलंय ते सगळं त्या काकांच्या एका वाक्याभोवती फिरतं.

घेताना

गोल डबीचं, झाकण-भिंगवालं लष्करी धाटणीचं आणि पारदर्शक प्लास्टिकच्या पट्टीवर बसवलेलं, असे तीन प्रकार सहसा दिसतात. नवख्यानं डोळे झाकून पट्टीचं घ्यावं. ते नकाशावर ठेवलं की खालचं दिसतं, कडेला सेंटिमीटरच्या खुणा असतात आणि काही शे रुपयांत कामापुरतं मिळतं. पितळी झाकणाची स्वस्तातली यंत्रं वाढदिवसाला द्यायला छान आहेत, पण त्यांची सुई डोलायची थांबतच नाही. पट्टीच्या यंत्रातली डबी द्रवानं भरलेली असते, त्यामुळे सुई काही सेकंदांत स्थिर होते.

दुकानात ते आडवं धरून सुई हलवून बघा. प्रत्येक वेळी ती त्याच जागी येऊन थांबली पाहिजे. तिचं एक टोक खाली घासत असेल तर घेऊ नका. पृथ्वीचं चुंबकीय बळ सुईला आडवी फिरवतं तसंच थोडं खालीही ओढतं. ही ओढ भारताच्या दक्षिण टोकाजवळ जवळपास नसते आणि उत्तरेकडे जावं तशी वाढते. युरोपात ती बरीच जास्त, म्हणून तिथल्या यंत्रांत सुईच्या दक्षिण टोकाला जादा वजन देऊन तोल साधलेला असतो. असं यंत्र नातेवाइकानं तिकडून प्रेमानं आणून दिलं तर आपल्याकडे त्याचं दक्षिण टोक खाली टेकतं आणि सुई अडखळते.

डबीत ज्वारीच्या दाण्याएवढा बुडबुडा असला तर चालतो. त्याहून मोठा झाला की सुईच्या फिरण्यात आडवा येतो. परभणी-नांदेडच्या मे महिन्यात काचा लावलेल्या गाडीत डॅशबोर्डवर होकायंत्र ठेवलं की असे बुडबुडे धरतात. माझं पहिलं यंत्र असंच गेलं.

हातात धरायला शिका

आधी भाग ओळखून घ्या. प्लास्टिकच्या पट्टीवर पुढच्या दिशेला एक बाण छापलेला असतो, त्याला चालीचा बाण म्हणू. पट्टीवर एक गोल तबकडी फिरते, तिच्या कडेवर ० ते ३६० अंश असतात. शून्य म्हणजे उत्तर, ९० पूर्व, १८० दक्षिण, २७० पश्चिम. तबकडीच्या तळाशी एक पोकळ बाण काढलेला असतो, तो तबकडीबरोबर फिरतो. मी त्याला घर म्हणतो. आणि या सगळ्यांत स्वतंत्र, कोणाचं न ऐकणारी ती सुई. तिचं लाल टोक चुंबकीय उत्तरेकडे.

आता समोरच्या एखाद्या वस्तूची दिशा मोजू. यंत्र छातीच्या उंचीवर, अंगाच्या मधोमध, आडवं धरा. चालीचा बाण सरळ पुढं. सगळं अंग त्या झाडाकडे किंवा टाकीकडे वळवा. नुसता हात वळवायचा नाही, ही पहिली चूक सगळे करतात. मग पाय न हलवता तबकडी फिरवा, लाल टोक घरात नीट बसेपर्यंत. चालीच्या बाणाच्या बुडाशी तबकडीवर जो आकडा आला, तो त्या वस्तूचा दिशाकोन. ट्रेकवाले त्यालाच बेअरिंग म्हणतात.

उलटं करायचं असेल, म्हणजे आकडा माहीत आहे आणि त्या दिशेला जायचंय, तर तबकडीवर तो आकडा बाणाशी लावा, यंत्र छातीशी धरा आणि स्वतः गोल फिरा. लाल टोक घरात शिरलं की थांबा. तोंड बरोबर दिशेला आहे.

लाल टोकाऐवजी दुसरं टोक घरात बसवलं तर तुम्ही बरोबर पाठमोरे चालाल, १८० अंशांनी चूक. घाईत आणि थकव्यात हे हटकून होतं. म्हणून दर वेळी सूर्याकडे किंवा ओळखीच्या डोंगराकडे एक नजर टाकून मनाशी ताडून बघायचं.

सरावाला शाळेचं मैदान नाहीतर काढणी झालेलं रान घ्या. पायाशी बाटलीचं झाकण ठेवा. ४० अंशांवर पन्नास पावलं चाला. तिथून १६० अंशांवर पन्नास आणि मग २८० अंशांवर पन्नास. दर वळणाला १२० मिळवायचे. तीन बाजूंचा त्रिकोण पुरा होऊन तुम्ही झाकणापाशी आलं पाहिजे. पहिल्यांदा मी अकरा पावलं लांब आलो होतो आणि पोरं हसली होती. पाचव्या-सहाव्या खेपेला झाकण पायाखाली येतं. ते आल्याशिवाय डोंगरात जायची घाई करू नका.

लोखंडापासून लांब

सुईला उत्तर आणि विळा यांत फरक कळत नाही, जे जवळ असेल तिकडे ती ओढली जाते. मोबाइल, किल्ल्या, कमरेचा कोयता हे निदान हातभर लांब हवेत. चुंबकाचं बटण असलेलं मोबाइलचं कव्हर तर फारच वाईट. ते पिशवीत होकायंत्राला चिकटून दिवसभर राहिलं तर सुई कायमची बिघडू शकते, कधी उत्तर-दक्षिण चक्क उलटी होते. तारेच्या कुंपणापासून दहा मीटर, जीप-ट्रॅक्टरपासून अठरा-वीस मीटर आणि विजेच्या मोठ्या टॉवरलाईनपासून पन्नास-साठ मीटर दूर जाऊन मोजायचं. बोअरचं लोखंडी केसिंगही विसरू नका, माळावर ते गवतात दिसत नाही.

दुसरं म्हणजे आपला काळा दगड. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचा हा बेसॉल्ट, आणि त्यात लोहयुक्त चुंबकीय खनिजाचे कण असतात. एरवी त्याचा त्रास जाणवत नाही. पण उघड्या माथ्यावर वीज पडलेली असेल तर तिथला खडक जोरदार चुंबकीय झालेला असतो. म्हणून होकायंत्र खडकावर ठेवून कधी वाचू नका, छातीशीच धरा. शंका आली तर वीस पावलं सरकून पुन्हा मोजा. आणखी पक्की खात्री हवी असेल तर जोडीदाराला शंभर मीटर पुढं पाठवा. तुम्ही त्याच्याकडे बघून मोजा, त्यानं तुमच्याकडे बघून मोजावं. दोन्ही आकड्यांत १८० चा फरक यायला हवा. न आला तर दोघांपैकी एकाच्या पायाखाली किंवा खिशात काहीतरी आहे.

कागदाशी जोड

भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ पासून नकाशे करतोय, मुख्यालय देहरादूनला. त्यांचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे चालणाऱ्याला सर्वांत उपयोगी. दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. ते विभागाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. जुन्या क्रमांकपद्धतीत छत्रपती संभाजीनगर शहर ४७ एम/५ या पानावर येतं आणि नांदेड ५६ ई या गटात. हातात पहिल्यांदा घेतलात तर आधी आपलं गाव, ओढा, देऊळ शोधत बसा. तासभर कसा जातो कळत नाही.

नकाशावरून दिशाकोन काढायच्या तीन हालचाली आहेत. पट्टीची लांब कड अशी ठेवा की ती तुमच्या जागेपासून जायच्या ठिकाणापर्यंत जाईल आणि चालीचा बाण ठिकाणाकडे तोंड करून असेल. मग पट्टी दाबून धरून तबकडी फिरवा, तिच्या तळातल्या रेषा नकाशातल्या उत्तर-दक्षिण रेषांना समांतर होतील आणि घराचं टोक नकाशाच्या वरच्या बाजूला येईल इतकी. या वेळी सुईकडे अजिबात बघायचं नाही. ती काही का दाखवेना, इथं होकायंत्र फक्त कोनमापक आहे. शेवटी ते उचला, छातीशी धरा, लाल टोक घरात येईपर्यंत फिरा. झालं.

परदेशी पुस्तकं वाचली असतील तर चुंबकीय उत्तर (सुई दाखवते ती) आणि खरी उत्तर (उत्तर ध्रुवाची, नकाशातली) यांतल्या फरकाची धास्ती घेतली असेल. जगात काही ठिकाणी तो वीस अंशांच्या आसपास जातो आणि तिथं बेरीज-वजाबाकी चुकली की माणूस डोंगराच्या भलत्याच बाजूला उतरतो. मराठवाड्यात हा फरक एक अंशाच्याही आत आहे. एक अंश म्हणजे किलोमीटरभर चालल्यावर सतरा मीटर. तुमचा हात त्याहून जास्त थरथरतो. सोडून द्या. हिमालयातही तो मोठा नाही, पण आणखी लांब जाणार असाल तर नकाशाच्या समासात लिहिलेला असतो, तो वाचा.

चालताना

सुईकडे बघत चालू नका. पाय खड्ड्यात जातो आणि रेषही वाकते. दिशा धरली की त्या रेषेवरचं काहीतरी हेरा, दोनशे पावलांवरचं बाभळीचं झाड, पांढरा दगड, झोपडीचा पत्रा. यंत्र खाली घ्या आणि त्या झाडापर्यंत वाटेल तसं, सोयीनं चाला. तिथं पोचून पुन्हा छातीशी धरा आणि पुढचं निशाण हेरा. धुक्यात किंवा उंच गवतात काहीच दिसत नसेल तर जोडीदारालाच निशाण करायचं. तो पुढं जातो, तुम्ही "डावीकडं, अजून थोडं, बास" म्हणत त्याला रेषेवर उभं करता, मग त्याच्यापर्यंत जाता. कंटाळवाणं आहे, पण चुकत नाही.

मध्ये उसाचा फड किंवा शेततळं आडवं आलं तर काटकोनात वळसा घालायचा. समजा तुम्ही ४० अंशांवर चालताय. उजवीकडे १३० वर वळून फड संपेपर्यंत पावलं मोजा, समजा ऐंशी भरली. मग पुन्हा ४० वर चालून फड मागं टाका. मग डावीकडे ३१० वर तीच ऐंशी पावलं. तुम्ही मूळ रेषेवर आलात. मधल्या ४० वरच्या टप्प्याची पावलं मात्र एकूण अंतरात धरायची.

अंतर पावलांनीच मोजायचं, त्यासाठी आपलं पाऊल माहीत हवं. शंभर मीटरची दोरी टाकून फक्त डाव्या पायाची पावलं मोजा. माझी सपाटीला चौसष्ट होतात, चढाला ऐंशीच्या वर. आणि पावसाळ्यात काळ्या रानात हा सगळा हिशेब कोलमडतो, कारण दहाव्या पावलाला बुटाला किलोभर माती चिकटते. तिथं मी अंतरावर भरवसा ठेवत नाही, बांध मोजतो.

आता मला स्वतःला सर्वांत आवडणारी युक्ती. गाडी डांबरीवर आहे आणि तुम्ही माळावरून रस्त्याकडे परत येताय. दिशाकोन थेट गाडीचा घेतलात तर दोन किलोमीटर चालून रस्त्याला लागता, आणि गाडी दिसत नाही. आता डावीकडं की उजवीकडं? पाच अंशांची चूक दोन किलोमीटरवर पावणेदोनशे मीटर होते, वळणामागं गाडी लपायला तेवढं पुरतं. म्हणून मुद्दाम चुकायचं. दहा अंश डावीकडे धरून चाला. रस्त्याला लागलात की गाडी उजवीकडेच असणार, विचार न करता वळा. रस्ता, नदी, कालवा, कड्याची धार, अशा लांबलचक गोष्टींकडे येताना हे नेहमी करावं.

आपण कुठं आहोत

ओळखीच्या दोन खुणा दिसत असतील तर हे काढता येतं. आमच्या भागात देवगिरीचा सुळका आणि म्हैसमाळचा टीव्ही टॉवर यांसाठी देवानं दिल्यासारखे आहेत. समजा तुम्ही जटवाड्याच्या बाजूच्या डोंगरात कुठंतरी आहात. देवगिरी मोजला, २५५ आला. टॉवर मोजला, ३१५ आला. दोन्ही आकडे उलटे करा, म्हणजे १८० वजा करा: ७५ आणि १३५. नकाशावर देवगिरीपासून ७५ अंशांची रेघ ओढा आणि टॉवरपासून १३५ ची. जिथं काट मारतील तिथं, किंवा त्याच्या आसपास, तुम्ही आहात. आकडा १८० पेक्षा लहान असता तर १८० मिळवायचे.

दोन खुणांमध्ये साठ ते एकशेवीस अंशांचा कोन असेल तर उत्तर चांगलं येतं. खुणा जवळजवळ एकाच रेषेत असल्या, समोरासमोर किंवा एकामागं एक, तर रेघा इतक्या तिरप्या कापतात की काट कुठं धरावी कळत नाही. वेरूळ-खुलताबादच्या पठारावर याच दोन खुणा वापरून बघा, एक उत्तरेला आणि एक दक्षिणेला येते आणि सगळा डाव फसतो. तिसरी खूण मिळाली तर घ्याच. तीन रेघा एका बिंदूत कधीच भेटत नाहीत, छोटा त्रिकोण होतो, आणि तो जितका लहान तितका तुमचा हात स्थिर.

सूर्याचं काय

उगवती म्हणजे पूर्व हे बोलायला ठीक. सूर्य नेमका पूर्वेला उगवतो तो मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांना. जूनअखेरीस तो इथं पूर्वेच्या सुमारे पंचवीस अंश उत्तरेला उगवतो, डिसेंबरअखेरीस तेवढाच दक्षिणेला. म्हणजे गावातली उगवती वर्षभरात पन्नास अंश हलते.

"भर दुपारी सूर्य दक्षिणेला असतो" हे वाक्य बऱ्याच पुस्तकांत सापडेल, कारण ती थंड देशांत लिहिलेली असतात. आपण कर्कवृत्ताच्या खाली राहतो. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मराठवाड्यात मध्यान्हीचा सूर्य डोक्यावर किंवा किंचित उत्तरेला असतो, सावली दक्षिणेला पडते, पडली तर. घड्याळाचा काटा सूर्याकडे धरून दिशा काढायची युक्ती या दिवसांत सपशेल फसते. सकाळ-संध्याकाळ मात्र सूर्याशी सुई ताडून बघायला हरकत नाही, उलटी दिशा धरली असेल तर लगेच कळतं. रात्री ध्रुव तारा आहेच, क्षितिजापासून अठरा ते वीस अंश वर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठींएवढा. त्याच्यासाठी उत्तरेचं आभाळ मोकळं लागतं.

मोबाइलमध्येही होकायंत्र असतं आणि ते खोटं नाही. इंग्रजी आठच्या आकड्यासारखा हवेत फिरवून त्याची जुळणी करून घेतली तर बऱ्यापैकी दाखवतं. पण पावसात ओल्या बोटांनी पडदा चालत नाही, बॅटरी संपते, आणि नेमक्या त्या वेळी कोणाचा तरी फोन येतो. मी दोन्ही ठेवतो. आत शिरताना उपग्रहावरून गाडीची जागा मोबाइलमध्ये नोंदवून घेतो आणि दिशा सुईनं धरतो.

पहिल्या दिवशी ओळखीचं, मोकळं पठार निवडा. हिवाळ्याची सकाळ, स्वच्छ हवा, सोबत एक-दोघं. अभयारण्यात जाणार असाल तर वनखात्याची परवानगी आधी काढा आणि रेषेच्या नादात आखलेली वाट सोडू नका. यंत्र दोरीनं गळ्यात असू द्या, पिशवीत नको. गाडी लावली की वीस मीटर बाजूला चालत जा, जायच्या दिशेला तोंड करा, मोजा. आकडा २७० आला तर परतीचा ९०. तो बॉलपेननं डाव्या तळहाताच्या मागं लिहा, वेळही लिहा, आणि सोबत्यांनाही लिहायला लावा. घामानं पुसट झाला तर वाटेत पुन्हा गिरवायचा.